बाबा आणि पट्टेरी भुंगेरे

आमचे सासरे घड्याळजी. म्हणजे, होते. हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात फोन, मग दुरुस्तीला घड्याळ आणतंय कोण? शेवटी दुकान बंद केलं, हत्यारांचा डबा घरी आणला आणि खुर्चीत बसले ते बसलेच. "बाबा, चहा देऊ?" तर "हूं." "साखर घालू?" तरी "हूं." मी पडले बोलघेवडी, माझा जीव नुसता गुदमरायचा. सासूबाई तर पार खचल्या होत्या. भाजी निवडताना मला म्हणायच्या, "आयुष्यभर यांना गप्प बसा, गप्प बसा म्हणत आले. आता बसलेत तर बघवत नाही गं."

तशात नणंदेचं बाळंतपण आलं आणि आई, म्हणजे सासूबाई, तिकडे निघाल्या. अंगणातल्या मोठ्या कुंडीत त्यांनी काडीपासून वाढवलेली रोझमेरी होती, सुईसारख्या पानांचं वासाचं विलायती झुडूप. तिच्यावर त्यांचा एवढा जीव, की मला पानसुद्धा तोडू द्यायच्या नाहीत. जाताना ती कुणाच्या हवाली केली? बाबांच्या! "पाणी बेताने घाला," त्यांनी बजावलं, "आणि हिला काही झालं तर मला तोंड दाखवू नका." मला असा राग आला! मी काय झाडाच्या जिवावर उठले होते?

थोड्याच दिवसांत रोझमेरीचे शेंडे कुरतडलेले दिसायला लागले. वाकून बघितलं तर पानांच्या बेचक्यात भुंगेरे. शर्टाच्या बटणाहून लहान, पण पाठीवर हिरवे-जांभळे पट्टे असे चकाकणारे, की जणू कुणीतरी पॉलिश करून बसवलेत.

"चिरडून टाका मेल्यांना," मी म्हटलं.

बाबांनी आतून डबा आणला. एका डोळ्याला भिंग लावलं, हातात बारीक चिमटा घेतला. चिमटा लागतो न लागतो तोच भुंगेऱ्याने पाय पोटाशी घेतले आणि तो टपकन खाली पडला. बाबांनी तो तळहातावर घेतला, हलवला आणि चक्क कानाशी धरला! जन्माची सवय, जाते कुठे? मग दुकानातल्या आवाजात निकाल दिला, "बंद पडलंय." एकेक करून सगळे असेच "बंद" ठरवले, आणि खत होईल म्हणून त्याच झाडाच्या बुडाशी ओतले. घ्या!

दुसऱ्या सकाळी सगळी मंडळी पुन्हा शेंड्यावर, न्याहारीला हजर.

मी कपाळावर हात मारला. आणि बाबा? बाबा खो खो हसत सुटले. "अगं सूनबाई, सोंग केलं होतं लेकांनी! मला फसवलं! मला!" एवढं सलग बोलणं त्यांच्या तोंडून मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून खुर्ची कुंडीपाशी गेली. बाबांना सगळं दिसायला लागलं. राखाडी अळ्या कोवळी पानं कशा खातात, मोठ्या झाल्या की मातीत कशा शिरतात, पंख असूनही भुंगेरे उडायचा कसा कंटाळा करतात. दूधवाल्याला थांबवून भिंगातून दाखवायचे. बिचाऱ्याचं दूध उन्हात!

झाडाची मात्र दशा होत चालली. मी साबणाचं पाणी आणलं तर म्हणतात, "एवढं नाजूक काम! मी मोडू?"

"मोडू नका. आई आल्या की तुमची काही खैर नाही."

आता मात्र त्यांचा चेहरा पडला. मग रोज घड्याळाच्या काचांच्या जुन्या डबीत भुंगेरे भरायचे आणि दूरच्या पडीक जागेत माजलेल्या, रोझमेरीच्याच कुळातल्या लॅव्हेंडरवर सोडून यायचे, असा उद्योग सुरू झाला. वाटेत भेटेल त्याला गाठून गप्पा. पण अळ्या काही सगळ्या सापडेनात. आई परतल्या त्या दिवशी निम्मी रोझमेरी नुसता खराटा होती.

आईंनी फाटकातूनच बघितलं. "काय हो हे?"

आता महाभारत होणार, म्हणून मी पदर खोचला. पण बाबांना दम कुठला? "अगं, इकडे ये! हा बघ, मेल्याचं सोंग करतो! हे पट्टे बघ, जवळून बघ." आईंच्या हातातली पिशवी तशीच, आणि यांनी त्यांच्या डोळ्याला भिंग लावूनसुद्धा टाकलं. पट्टे, पाय, अळ्या, सगळं धबाधबा सांगत सुटले. नात कशी आहे, लेक कशी आहे, एका शब्दाने विचारलं नाही.

आईंना भुंगेरा दिसला की नाही देव जाणे. त्या बाबांच्या तोंडाकडेच बघत होत्या.

"अहो बाबा, नातीचं विचारा तरी!" मी ओरडले.

आईंनी माझा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते त्यांचे.

"झाड काय, परत लावीन," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना बोलू दे."