नावामागची अर्धी गोष्ट

परवा घराच्या खिडक्यांना रंग दिला. ओल्या तेलरंगाचा वास खोलीभर दाटून राहिला, आणि पन्नाशी ओलांडलेला मी मनानं शहागंजातल्या एका फर्निचरच्या कारखान्यामागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तिथं माझ्या मित्रानं शिडाची होडी बांधली होती. पिढीजात धंदा खुर्च्या-कपाटांचा. समुद्र त्यानं एकदाच पाहिलेला. पण पैठणला नाथसागराचा पलीकडचा काठ दिसेनासा होतो, तिथं उभं राहून त्यानं ठरवलं होतं, की या पाण्यावरून एकदा नुसत्या वाऱ्याच्या जोरावर जायचं. तीन वर्षं दर शुक्रवारी तो सागाच्या फळ्यांना बाक देत राहिला.

होडीला नाव देणं त्यानं माझ्यावर सोपवलं. ग्रीक पुराणकथांनी मी तेव्हा झपाटलो होतो. समुद्रदेव पोसायडनचं नाव घेतल्यावर तो हसला. "अरे भाई, ही तर जंताची गोळी वाटते. काहीतरी नाजूक सांग ना." मग मी अल्क्योनी सुचवलं. ही एक राणी, ती खंड्या पक्षीण झाली, आणि ती अंडी उबवते तेवढे दिवस देव वारा रोखून धरतात, समुद्र निजल्यासारखा शांत राहतो, असं सांगितलं. तो हरखला. निळ्या अक्षरांत नाव रंगवलं गेलं.

ती पक्षीण का झाली, हे मी सांगितलं नाही. तिनं विनवून अडवलं असताना नवरा जहाज घेऊन गेला आणि बुडाला. किनाऱ्याला लागलेलं त्याचं प्रेत पाहून तिनं पाण्यात उडी घेतली, तेव्हा देवांनी दया येऊन तिला पक्षीण केलं. मित्राच्या बायकोचा धाकटा भाऊ विहिरीत बुडून गेलेला, हेही मला ठाऊक होतं. पण नाव मला फार आवडलं होतं, आणि ते मी शोधलं याचा डौल त्याहून अधिक.

होडी पैठणला न्यायच्या आदल्या दिवशी त्याच्या मुलीनं मोबाइलवर उरलेली गोष्ट वाचली आणि आईला सांगितली. भाभींनी माझ्यापुढं चहा ठेवला. "भाईसाब, तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो.

"बघ," मित्र लगेच बायकोला म्हणाला, "माहीत असतं तर बोलला नसता का हा? लहानपणापासून ओळखतो मी याला."

त्यानं पॉलिशपेपरनं ती अक्षरं घासून काढली. पण भाभींची भीती घासून निघणारी नव्हती. "मी असेपर्यंत त्या होडीत पाय ठेवायचा नाय," एवढंच त्या म्हणाल्या. होडी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली राहिली. अलीकडेच त्यानं ती दौलताबादच्या वाटेवरच्या एका हॉटेलाला देऊन टाकली. हिरवळीवर ठेवलीय, लोक तिच्यात बसून फोटो काढतात.

मी त्या दिवशी हो म्हणालो असतो, तर भाभी भांडल्या असत्या, तो चार दिवस रुसला असता, आणि होडी दुसऱ्या नावानं पाण्यात गेली असती. मी लपवलेली गोष्ट म्हणजे माझा मूर्खपणा ठरला असता. कुणालाच ठाऊक नसताना आपसूक आलेली गोष्ट मात्र अपशकुन ठरली. तो अपशकुन माझ्या एका शब्दानं घडवला.

आता त्याचे गुडघे गेलेत. मागच्या आठवड्यात भेटलो, तेव्हा तो म्हणाला, "यार, ऊपरवाल्याचा इशारा होता तो. वेळेवर कळला, लई बरं झालं." मी मान डोलावली. तो समाधानानं बोलत होता. ते समाधान मोडायचा हक्क आता मला आहे का, हे मला ठरवता येत नाही; आणि हे न ठरवणं माझ्याच सोयीचं आहे, हेही मला कळतं.