मागच्या बाकावरचे सर

"पण सर, ह्याचं आमच्या मांडवीला काय?"

पन्नाशी उलटलेला, धोतर-कोटातला माणूस शाळकरी बाकात गुडघे दुमडून बसतो आणि बोट वर करून असं विचारतो, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना आमचे सर कळायचे नाहीत. अकरावीला जगाचा इतिहास शिकवणाऱ्या मास्तरांसाठी ते रत्नागिरीत दर शनिवारी प्रशिक्षणाचा वर्ग घेत. आमच्यातल्या एकाने पाठ द्यायचा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं. सर नेहमी मागच्या बाकावर, इथल्या मांडवी बंदरावरचा मुलगा होऊन. फ्रान्सची राज्यक्रांती असो की रोमचं साम्राज्य, त्यांचा प्रश्न ठरलेला. चिपळूणचे एक मास्तर तर इतके गांगरले की नकाशात रोम कुठे आहे तेच त्यांना सापडेना.

मी मात्र त्या प्रश्नाच्या प्रेमातच पडलो. पुस्तक मिटूनच शिकव, असं सर मला दर शनिवारी बजावत. मला त्यांचं सगळं खरं वाटे.

मग माझ्या शाळेत तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब आले; त्यांच्याबरोबर सरही येऊन मागच्या बाकावर बसले. अकरावीचा इतिहास माझ्याकडे ठेवायचा की नाही, हे त्या एका पाठावर ठरणार होतं. विषय होता युरोपियनांनी शोधलेले समुद्रमार्ग. मी पुस्तक मिटलं आणि खाडीकाठच्या राजिवड्यातल्या एका मुलाला विचारलं, तुझे आजोबा गलबत घेऊन बसऱ्याला कधी निघत, कोणत्या वाऱ्यावर परतत? तो उभा राहून असा बोलत सुटला, की अख्खा वर्ग कान देऊन ऐकत होता. साहेब मात्र पुस्तकाची पानं उलटत होते. तास संपल्यावर त्यांनी विचारलं, असं शिकवायला तुम्हांला कोणी सांगितलं?

मी निर्धास्तपणे सरांकडे पाहिलं. सर उभे राहिले.

"मी ह्यांना पुस्तक धरूनच शिकवा म्हणून सांगितलं होतं, साहेब."

माझ्याकडची अकरावी गेली, पाचवीची चित्रकला आली. त्याचं दुःख होतंच. पण बापाने चारचौघांत ओळख नाकारावी, तसं मला झालं होतं.

संध्याकाळी सर घरी आले, ओटीवर टेकले.

"खरं बोललो असतो तर आपला शनिवारचा वर्गच बंद केला असता हो त्यांनी. माझ्याच्यानं बोलवलं नाही."

मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि आत गेलो. वर्ग पुढे चालला. मी त्यात परत पाऊल टाकलं नाही.

निवृत्तीनंतर सर मुलाकडे मुंबईला निघाले. बोट लांब उभी होती आणि तिथवर नेणारा पडाव धक्क्याला हिंदकळत होता. निरोप द्यायला सगळे मास्तर जमले होते, मीही गेलो. सर गर्दीतून वाट काढत माझ्याकडेच आले.

"राग गेला ना रे?"

"गेला, सर."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पडावात उतरताना तोल जाऊ लागला तेव्हा एवढ्या माणसांत त्यांनी माझाच हात मागितला. मी तो घट्ट धरला, त्यांना नीट बसवलं. पुढे वर्षभरात ते मुंबईतच वारले.

राग गेला नव्हता. तुम्हांला म्हणून सांगतो, अजून गेलेला नाही.