कलिंगात न कोरलेला लेख

सुहासिनी ठोसर भवानीपूरच्या एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायच्या. जन्म कलकत्त्यातला, सासरही इथलंच. पण मुलं चेष्टेनं म्हणायची, दिदींचं माहेर पाटलीपुत्र. मौर्यांचा विषय निघाला की बाईंना तासाची घंटा ऐकू येत नसे. आपसांत भांडणाऱ्या राज्यांवर एक अंमल कसा बसला, लांबच्या प्रांतांत राजाचे अधिकारी कसे पोचले, यज्ञातली पशुहत्या कशी थांबवली, नोकर-गुलामांशीही नीट वागा असं राजानं दगडावर कसं कोरवलं, हे सगळं त्या घरचं कार्य सांगावं तसं सांगत. मी जेवत असलो तरी प्रजेची खबर मला द्या, असं म्हणणारा अशोक तर त्यांचा भलताच लाडका. खबर वर पोचली की वरचा माणूस भलंच करणार, हे बाईंनी वर्षानुवर्षं शिकवलं आणि मनापासून मानलं. शहाण्या बाईनं इतकं भाबडं असू नये.

सत्तर साली कॉलेजच्या भिंती नक्षलवादी घोषणांनी भरल्या. शुभ्रांशू नावाचा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी वर्गात दिसेनासा झाला. शहराबाहेरच्या बजबज गावचा पोरगा, बाप ज्यूट मिलमध्ये. एकदा ट्रामच्या थांब्यावर भेटला तेव्हा गालफडं बसली होती. टॉलीगंजला एका मित्राच्या खोलीवर झोपतो, म्हणाला. "आईला सांगू नका, दिदी."

आईला नाहीच सांगितलं त्यांनी. शहरातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत गुर्जर नावाचे एक मराठी पोलीस अधिकारी यायचे, बाईंच्या यजमानांचे, श्रीकांतरावांचे, स्नेही. आरतीनंतर बाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि खोलीचा पत्ता दिला. "पोरगा गुणी आहे हो. जरा दम भरा नि घरी पोचवा." आपला माणूस, आपल्या भाषेत बोलणारा, त्याच्यावर विश्वास टाकताना बाईंचं मन कचरलं नाही. "काळजी सोडा, वहिनी," म्हणत गुर्जरांनी हातावर प्रसाद घेतला.

आठवडाभरानं शुभ्रांशूचं प्रेत शहराबाहेर रस्त्याकडेला सापडलं. गुर्जर म्हणाले, "माझ्या हातात काही राहिलं नव्हतं." त्यानंतर ते मंडळात फिरकले नाहीत.

बाई उन्मळून पडल्या. श्रीकांतरावांपाशी रडल्या, पुण्याच्या बहिणीला सगळं कळवलं, मंडळातल्या मैत्रिणींनाही सांगितलं. तुमचा हेतू चांगला होता, असंच जो तो म्हणे. दर वेळी बाईंना थोडं हलकं वाटे, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटे. बजबजला जायचं मात्र त्या टाळत राहिल्या.

हिवाळ्यात वर्गात कलिंगचं युद्ध आलं. लाखभर माणसं मारल्याचा राजाला झालेला पश्चात्ताप बाईंनी शिलालेखातून वाचून दाखवला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "दिदी, हे कलिंगच्या लोकांना वाचायला मिळालं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "बाकी ठिकाणी कोरला तो लेख. कलिंगात तेवढा गाळला. तिथं दुसरंच कोरलं, सगळी माणसं माझी लेकरं म्हणून."

इतकी वर्षं त्यांना ही गोष्ट माहीत होती आणि ती कधी टोचली नव्हती. पुस्तक मिटून त्या वर्गाबाहेर पडल्या.

रविवारी त्या गाडीनं एकट्याच बजबजला गेल्या. शुभ्रांशूच्या आईनं बसायला वेताचा मोडा पुढे सरकवला, चहाचं आधण ठेवलं. बाई बसल्या नाहीत. "पोलिसांना त्याचा पत्ता मी दिला होता," त्या म्हणाल्या. "त्याला घरी आणतील असं वाटलं होतं मला."

आईनं विचारलं, "निमाईनं नाही?"

"निमाई कोण?"

"ज्याच्या खोलीवर तो झोपायचा तो. आमच्याच गल्लीतला. माझ्या हातचं जेवून वाढलेला. त्यानंच दगा दिला, असं मी गल्लीभर ओरडून सांगितलं. पोरं सुरे घेऊन त्याला शोधताहेत. लपलाय कुठेतरी."

बाईंनी बहिणीला कळवलं, मैत्रिणींना सांगितलं, आणि इथं एक पोर जीव मुठीत धरून पळत होतं. आईनं चहाचं भांडं उतरवलं. "चला. त्याच्या दारात सांगा. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

मग ती पोरं आपल्याच मागे लागतील, हे बाईंना कळत होतं. तरी निमाईच्या दारात उभं राहून त्यांनी आपलं नाव, कॉलेज आणि पोलिसांना पत्ता दिल्याची गोष्ट, सगळं खड्या आवाजात सांगितलं. दारं उघडली, माणसं जमली. निमाईची आई तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

शुभ्रांशूची आई तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. "रडू नको," ती म्हणाली. "तुझा आता घरी येईल."