ओट्याची उंची

आमच्या पंचवटीतल्या स्वयंपाकघराचं काम करणारा मिस्त्री घोटीहून यायचा. प्रश्न मी विचारला, तरी उत्तर तो माझ्या नवऱ्याला द्यायचा. "साहेब, उघड्या फळ्यांवर धूळ लय बसते."

वर्षभर मी मासिकांतली स्वयंपाकघरांची चित्रं कापून एका वहीत चिकटवली होती, मैत्रिणींचे ओटे टेपनं मोजून आले होते. ती वही त्याच्यापुढे ठेवली, तर त्यानं न उघडता तिच्यावर थापी ठेवली.

हात मात्र देखणा होता. त्यानं बसवलेल्या फरश्यांच्या फटीत नखही शिरत नसे. म्हणून मी राग गिळत राहिले.

एका संध्याकाळी शाळेत शिकवून घरी आले, तर विटांवर कडप्पा चढवून ओटा तयार. तो माझ्या छातीला लागत होता.

"ही उंची कुणी सांगितली?"

"साहेबांना उभं करून माप घेतलं ना," तो नवऱ्याकडे बघत म्हणाला.

नवऱ्यानं आजवर चहासुद्धा केला नव्हता.

मी तिथलाच हातोडा उचलून ओल्या बांधकामावर घातला. तिसऱ्या घावाला वीट निखळली, कडप्पा कलंडला.

"अगं, वेड लागलं का तुला?" नवरा ओरडला.

मिस्त्री पुढे झाला. त्यानं कडप्पा सावरून खाली उतरवला आणि खिशातली पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"बाई, रेघ तुमीच मारा."

मी भिंतीवर रेघ मारली. मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही मापाला उभे राहिलात?"