बोनेटवर न ठेवलेला हात

परभणीत मी जुन्या गाड्या विकतो. त्याआधी वडिलांबरोबर बैल विकायचो. धंदा बदलला तरी गिऱ्हाईक तेच राहिलं. आधी दात बघायचं, मग चालवून बघायचं, मग उगाच नाक मुरडायचं. माझ्याकडे ना दुकान होतं ना ओळख. तोंड होतं, आणि भाव उतरवताना किंवा चढवताना समोरच्याचा घाम काढायची सवय होती. त्यावरच गंगाखेड रोडला पत्र्याचं शेड आणि पुढची मोकळी जागा उभी राहिली. मला कोणी हात दिला असं कोणी म्हणालं तर मी अजूनही भांडतो.

बैलबाजारात सौदा ठरायच्या वेळी एखादा जाणता माणूस जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा. तो काही बोलायचा नाही. हात ठेवला म्हणजे जनावरात खोट नाही, पुढचं माझ्यावर, असा त्याचा अर्थ. हीच रीत मी गाड्यांच्या धंद्यात आणली. माझा मेस्तरी बोनेटवर हात ठेवायचा आणि गिऱ्हाईक खिशात हात घालायचं. बारा वर्षं असं चाललं. लोक माझ्या बोलण्यावर भुलतात असं मला बारा वर्षं वाटत होतं.

मेस्तरीशी झालेल्या भांडणाचं कारण ठरलेली गाडी एका साहेबाची होती. टर्बोवाली डिझेल जीप, दिसायला नवरीसारखी. साहेब घरून कचेरीत आणि कचेरीतून घरी, एवढंच ती चालवायचे. अशा गाडीचं इंजिन नीट तापतच नाही. धुराची काजळी आत हवेच्या वाटेवर बसत जाते आणि जुन्या चुलीच्या धुराड्यासारखी ती वाट बुजत जाते. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. वाटच बुजली तर पंखा कितीही फिरला तरी गाडी ओढत नाही. साहेबांना वाटलं इंजिन गेलं. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही आणि गाडी घेतली.

मेस्तरीनं बघितली. म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे, फक्त सगळं उघडून हातानं खरवडावं लागेल, दोन दिवस द्या. पण माझ्याकडे दोन दिवस नव्हते. पालमचा एक मुकादम दुसऱ्या दिवशी येणार होता. त्याची टोळी ऊसतोडीला निघायची होती आणि त्याआधी त्याला फडावर फिरायला गाडी हवी होती. मी मेस्तरीला म्हणालो, बाजारात काजळी काढायचे स्प्रे मिळतात, ते मार. त्यानं भाव केल्यासारखी मान हलवली. भाव मला येतो. दोन दिवसांवरून एक दिवस, एका दिवसावरून अर्धा दिवस, असं मी त्याला खाली आणलं. पैशाचा प्रश्नच नव्हता. मी वेळेत घासाघीस करत होतो, आणि जिंकलो म्हणून खूशही होतो.

सकाळी त्यानं काम सुरू केलं. टर्बोच्या पुढचा, इंजिनाजवळचा पाइप ढिला केला, गाडी चालू ठेवली आणि चिमूट चिमूट स्प्रे मारू लागला. थोडा मारायचा, थांबायचं, आवाज ऐकायचा, पुन्हा थोडा. सायलेन्सरमधून असा काळा धूर निघाला की शेजारच्या रसवंतीवाल्यानं शिव्या घातल्या. अर्धा डबा संपल्यावर त्यानं पाइप बसवला आणि म्हणाला, "मालक, आता तासभर भिजू द्या. मग जिंतूर रोडला लांब पळवून आणतो. तोवर हात लावू नका." आणि झाडाखाली डबा उघडून जेवायला बसला.

मी गाडीजवळ उभा होतो. बैलाला बाजाराच्या सकाळी गूळपाणी जास्त पाजलं की तो दुपारपर्यंत कान टवकारून उभा राहतो, हे मी लहानपणी शिकलेलो. अर्ध्या डब्यानं एवढा धूर निघाला, तर पूर्ण डब्यानं काय निघेल, असा माझा हिशोब. मेस्तरीनं ढिला केलेला पाइप मला सोडवता येईना. मग हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं, गाडी चालू केली आणि तिथून, म्हणजे टर्बोच्या मागून, उरलेला अर्धा डबा आणि दुसरा अख्खा मारला. काहीच झालं नाही. गाडी संथ गुरगुरत होती. मी झाकण लावून गाडी बंद केली. तो सगळा पातळ स्प्रे टर्बोतून पुढं जाऊन हवा थंड करायच्या जाळीत तळाशी साचला होता, हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात मुकादम आला, सोबत त्याचा मेहुणा. मुकादम शांत माणूस. मेहुणा मात्र बोलायला पुढं. गाडीभोवती फिरून म्हणाला, "शेठ, रंग तर लय झ्याक हाय. आत काय हाय ते सांगा."

मी मेस्तरीला हाक मारली. तो हात धुऊन आला. नेहमीसारखा बोनेटजवळ उभा राहिला आणि त्याची नजर खाली पडलेल्या रिकाम्या डब्यांवर गेली. दोन होते.

"मालक, हा दुसरा कुठून मारला?"

"जिथून मारायचा तिथून."

त्यानं फिल्टरच्या झाकणाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. गिऱ्हाइकासमोर. बारा वर्षांत पहिल्यांदा. मुकादमाला ती रीत माहीत होती. त्याच्या भावानं माझ्याकडूनच गाडी घेतली होती. तो हात बघत राहिला.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, हात कशाला पाहिजे, ओढ बघा की. आत बसलो, चालू केली आणि एक्सलेटर दाबला. जाळीत साचलेला स्प्रे हवेबरोबर एकदम इंजिनात गेला. आता इंजिन डिझेलवर नाही, त्या स्प्रेवर पळत होतं. पाय काढला तरी रेस वाढत गेली. चावी फिरवली, काढून हातात घेतली, तरी गाडी किंचाळत राहिली. पांढऱ्या धुरात मला शेड दिसेना.

बाहेरून मेहुण्याचा आवाज आला, "चावी तुमच्या हातात, मग गाडी कुणाच्या हातात हाय शेठ?"

मेस्तरीनं समोरच्यांना हटवलं, मला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि आत उडी मारली. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली, ब्रेकवर उभा राहिला आणि क्लच सोडला. गाडी एक आचका देऊन मेली.

मग मुकादमानं मला नाही, त्याला विचारलं, "मेस्तरी, खरं सांगा. गाडी कशी हाय?"

मेस्तरी धूर खात उभा होता. मी त्याच्याकडं बघत होतो. दोन शब्द फिरवून बोलला असता तरी चाललं असतं. काही बोलला नसता तरी चाललं असतं.

"सकाळपर्यंत चांगली होती," तो म्हणाला.

मुकादम निघून गेला. टर्बोची पाती घासून गेली होती, ती गाडी मी नंतर कशीतरी काढली, तो विषय नाही. मेस्तरीला मी त्याच दिवशी हाकललं. त्याच्या जेवणाच्या डब्याला लाथ मारली, हेही खरं. नंतर चार ठिकाणी मी सांगत फिरलो की त्यानं माझं इंजिन खाल्लं. लोक ऐकायचे, च्‌च्‌ करायचे आणि आपली गाडी त्याच्याकडं घेऊन जायचे. दुसरा मेस्तरी ठेवला. तो कशावरही हात ठेवतो, आणि त्याच्या हाताकडं कोणी बघत नाही.

तो बरोबर होता हे मला कोणी शिकवायची गरज नाही. पण बरोबर माणसं जगात खूप आहेत. मला त्या दुपारी माझ्या बाजूचा माणूस हवा होता.

मागच्या उन्हाळ्यात ताडकळसचे एक गुरुजी आले. त्यांना माझ्याकडची डिझेल गाडी आवडली होती. बघायला त्यांनी सोबत मेस्तरी आणला होता, तोच. केस पिकलेत, बाकी तसाच. मला नमस्कार केला. मी चहा सांगितला नाही. त्यानं पाइप सोडवला, आत बोट फिरवलं आणि बाहेर काढलं. बोट जवळपास स्वच्छ होतं. ही गाडी मी दोन दिवस उघडून हातानं खरवडून घेतली होती.

"उघडून केली?" त्यानं विचारलं.

"हो."

"स्प्रे?"

"थेंब न्हाई."

तो गुरुजींकडं वळला. "घ्या. डोळे झाकून घ्या."

गुरुजी खूश झाले. "मेस्तरी म्हणतेत म्हणल्यावर आमी बोलायचं कामच न्हाई," म्हणाले आणि मी सांगितलेल्या भावाला मान डोलावली. घासाघीस नाही, काही नाही. माझ्या आयुष्यात इतका सोपा सौदा आला नव्हता. आणि त्यात माझं काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "गाडी विकायची न्हाई."

गुरुजींना वाटलं मी भाव वाढवायलोय. थोडे जास्त द्यायला तयार झाले. मी तेच पुन्हा सांगितलं.

"मालक," मेस्तरी हळू म्हणाला, "राग माझ्यावर हाय ना. गुरुजींवर कशाला?"

"तुझ्या तोंडानं चांगली ठरलेली गाडी मी विकणार न्हाई. जा."

पाइप त्यानं नीट बसवला, क्लिप आवळली, बोट फडक्याला पुसलं. गुरुजी बिचारे फाटकापर्यंत दोनदा मागं वळून बघत गेले, माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का म्हणून. मेस्तरी वळला नाही. त्याला लागलं असेलच. पण तोंड दिसलं नाही, आणि मला तेवढंच बघायचं होतं.