पाच माशांना अम्मा आल्या

सोलापुरात मी दवाखाना उघडला तेव्हा जो कोणी उंबरा ओलांडायचा तो आधी शिंकायचा. यात माझ्या वैद्यकीय ज्ञानाचा काही दोष नव्हता. घराला लागून असलेली ती खोली वर्षानुवर्षं वडिलांच्या मिरचीचं गोदाम होती, आणि चुन्यावर चुना देऊनही भिंती तिखट राहिल्या होत्या. पोटदुखी घेऊन आलेला माणूस सर्दी घेऊन परत जाई. अर्थात येणारे फार नव्हतेच, त्यामुळे शहराचं फारसं नुकसान झालं नाही.

वडील पेठेतले आडत व्यापारी. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. घरात कानडी, दुकानात मराठी आणि रागावले की दोन्ही. मुलगा डॉक्टर झाल्याचा त्यांना अभिमान होता, पण अभिमान जागा अडवून बसलेला त्यांना चालत नसे. खोलीची किल्ली हातात देताना ते म्हणाले, “मृगापर्यंत बघतो. चालला तर दवाखाना, न्हाई तर पेंड.”

मृगाच्या तोंडावर गुरांच्या पेंडीच्या गाड्या यायच्या आणि त्या ठेवायला त्यांना जागा लागायची. म्हणजे माझी स्पर्धा शहरातल्या दुसऱ्या कुठल्या डॉक्टरशी नव्हती, पेंडीच्या ढेपेशी होती. हरलो असतो तर वजनकाट्यापाशी बसून शेंगदाणा पेंड आणि सरकी पेंड यांतला फरक शिकायचा, हे ठरलेलं होतं.

म्हणून मी मासे आणले. पुण्याला शिकत असताना एका दाताच्या डॉक्टरकडे काचेची पेटी बघितली होती. माणसं माशांकडे बघत बसत आणि त्यांची तोंडं आपोआप उघडत. तिथे नेहमी गर्दी असे. गर्दी माशांमुळे आहे की दातांमुळे, याचा विचार करायचं ते वय नव्हतं. मी पुण्याला जाऊन पेटी घेतली, पाच काळे मोली मासे घेतले आणि ते पत्र्याच्या डब्यात घालून, डबा मांडीवर घेऊन एसटीनं निघालो. मोडनिंबला गाडी चहासाठी थांबली तेव्हा मी झाकण उघडून डब्यात वारा घालत होतो.

“डब्यात काय हाय?” कंडक्टरनं विचारलं.

“मासे.”

तो वाकला, त्यानं हुंगलं. “वास न्हाई येत.”

“जिवंत आहेत.”

“मग तिकीट लागतंय की,” तो म्हणाला, आणि सोलापूर येईपर्यंत मला खरंच वाटत राहिलं की तो ते फाडणार.

आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. अप्पांनी पेटीला लांबूनच एक प्रदक्षिणा घातली.

“खायला नाहीत अप्पा. बघायला आहेत.”

“बघून पोट भरत असतं तर मी दुकान कशाला घातलं असतं?”

तरी ते रोज सकाळी दुकानाला जाताना दारातून एकदा डोकावत. बाकावर कोण बसलंय ते बघायला, असं त्यांचं म्हणणं. बाकावर बहुधा कोणी नसे, पण माशांवरून मान परत वळायला वेळ लागे.

मग उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा आणि वर पत्र्याचं छप्पर. दुपारी माझी शाई वाळायची, तर माशांचं काय होत असेल या विचारानं मला कसंतरी व्हायचं. बर्फाच्या कारखान्यातल्या एका कामगाराचं गळू मी फोडलं होतं आणि फी घेतली नव्हती. तो उपकार फेडायला रोज दुपारी गोणपाटात, भुशात गुंडाळून बर्फाचा लहान तुकडा आणून देऊ लागला. मी तो धुऊन पेटीत सोडायचो. मासे त्याच्याभोवती फिरत, तुकडा हळूहळू नाहीसा होई, आणि आम्ही दोघं पुण्य केल्यासारखे बाकावर बसत असू.

एका सकाळी माशांच्या अंगावर रवा सांडल्यासारखं दिसलं. काळ्या अंगावर पांढरे बारीक ठिपके. दुसऱ्या दिवशी ते वाढले. मासे पंख मिटून बसत आणि मधेच उसळी मारून तळाच्या दगडाला अंग घासत. माणसाला खाज सुटली की तो कसा खांबाला पाठ घासतो, अगदी तसं. त्वचारोगाचं पुस्तक काढून मी बघितलं. त्यात माशांचा उल्लेख नव्हता.

निदान केलं शेजारच्या अज्जींनी. या अज्जी माझ्या एकुलत्या एक नियमित पेशंट. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. गुडघ्यासाठी येत, पण गुडघ्याबद्दल कमी आणि सुनेबद्दल जास्त बोलत. त्या दिवशी त्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या, मागे सरल्या आणि त्यांनी हात जोडले.

“अम्मा बंदाळ,” त्या हळूच म्हणाल्या. “तम्मा, लेकरा, चपला काढ आधी. पाचीच्या पाची जणांला अम्मा आल्यात.”

आमच्याकडे देवी किंवा कांजण्या आल्या की अम्मा आल्या म्हणतात. मी म्हणालो, “अज्जी, हा माशांचा काहीतरी रोग आहे.”

“रोग म्हणू नको. पाव्हणी हाय ती. आपल्या पायानं आली, आपल्या पायानं जाईल. तवर तिचा मान ठेवायचा. तुला यवडं शिकवलं, ह्ये न्हाई शिकवलं व्हय?”

एकुलत्या एका पेशंटशी वाद घालू नये, एवढं मात्र मला शिकवलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. अज्जींनी दाराला कडुलिंबाची डहाळी बांधली, एक पेटीच्या कोपऱ्याला अडकवली, आणि पेटीपुढे पानावर दहीभात ठेवला. मग त्या मागच्या दारानं आमच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि आईला सांगून आल्या की घरात फोडणी बंद. अम्मा असताना कढईत तेल तडतडलं तर तिच्या अंगाची लाही होते.

रात्री जेवताना अप्पांनी बिनफोडणीचं वरण भातावर घेतलं, एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं.

“अम्मा कुणाला आल्यात?”

“माशांना.”

“मग माशांनी बिनफोडणीचं खावं की. मी काय केलंय?”

आई म्हणाली, “जेवा गप.” फोडणी परत आली नाही.

या सगळ्याचा एक परिणाम मात्र माझ्या लक्षात आला नव्हता. आमच्या भागात दाराला कडुलिंब दिसला की माणूस पायरीवरूनच मागे फिरतो. आधी बाकावर बहुधा कोणी नसे. आता कधीच कोणी नसे. दुपारी बर्फवाला आला तो रस्त्याच्या पलीकडेच थांबला.

“डॉक्टर, बरफ हितं ठिवू का?”

“अरे, आत ये.”

“नको. घरात लेकरं हायत.”

“मासे आहेत ते.”

“असू द्या की. अम्मा तर हाय न्हवं?” त्यानं गोणपाट रस्त्यावर ठेवलं, लांबूनच नमस्कार केला आणि गेला. मी चपला शोधून रस्ता ओलांडेपर्यंत ओला भुसा तेवढा उरला होता. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

मी माझ्या परीनं धडपडत होतो. माझ्याकडे घशाला लावायचं निळं औषध होतं, ते पेटीत घातलं. पुण्याच्या दुकानदारानं मासे देताना सांगितलं होतं की काही झालं तर मीठ टाका. आईनं खडेमीठ दिलं. पाणी शाईसारखं निळं झालं आणि मासे त्यात सावल्यांसारखे दिसू लागले. अप्पा सकाळी डोकावायचे, रिकामा बाक बघायचे, निळं पाणी बघायचे. एकदा ते जाता जाता म्हणाले, “पेंडीला एवढं काही लागत न्हाई. नुसतं कोरडं ठेवायचं.” त्यात टोमणा कमी होता. माझ्याबद्दल त्यांना वाईट वाटतंय हे कळलं आणि मग मात्र माझी मजा संपली.

इकडे बातमी पेठेतून फिरत होती. फिरता फिरता तिच्यातले मासे गळून पडले. उरलं ते एवढंच, की डॉक्टरकडे पाच जणांना देवी आल्यात आणि डॉक्टर दार लावून बसलाय. त्या काळात देवीचा शेवटचा रोगी शोधायला सरकारी माणसं गावोगाव हिंडत होती आणि खबर देणाऱ्याला बक्षीस होतं. कुणीतरी खबर दिली. तो कोण, हे मला आजवर कळलं नाही. बक्षीस त्याला मिळालं नाही याचं मला अजून वाईट वाटतं, कारण माझा दवाखाना चालण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

भर सकाळी जीप येऊन थांबली. उतरले ते देवी टोचणारे गृहस्थ, खाकी पिशवी खांद्याला, चेहऱ्यावर कित्येक गावांची धूळ. मागे सगळी पेठ. अप्पासुद्धा दुकान सोडून आले होते आणि गर्दीत असे उभे होते की जणू या खोलीशी आपला संबंध नाही.

“रोगी कुठायत?”

“आत आहेत,” मी म्हणालो.

“पाच?”

“पाच.”

“वयं?”

“लहानच आहेत.”

मला तिथेच सांगता आलं असतं. पण समोर एवढी माणसं माझ्या दारात पहिल्यांदाच जमली होती. मी त्यांना आत घेतलं, खिडकी उघडली आणि पेटीवरचा दिवा लावला.

ते गृहस्थ बराच वेळ वाकून बघत राहिले. दारात माणसं माना उंच करून उभी होती. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“पुरळ तोंडावर जास्त हाय का अंगावर?”

“अंगावर.”

“हातापायांवर?”

“हातपाय नाहीत.”

“मग देवी न्हाई,” ते सरळ होत म्हणाले. “देवीत हातापायांवर जास्त असतंय. कांजण्या असतील.” आणि त्यांना शिंक आली. मिरचीनं आपलं काम केलं होतं. एक शिंक, दुसरी, मग हसू, मग शिंक आणि हसू एकदम. दारातली माणसं काय झालं ते न कळता हसायला लागली. अज्जी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “कांजण्या म्हंजे पण अम्माच की.” ते गृहस्थ म्हणाले, “व्हय बाई, बरोबर हाय,” आणि डोळे पुसले.

मग त्यांनी गर्दीकडे बघितलं. जीप आलीच आहे, माणसं जमलीच आहेत. “चला, बाह्या वर करा. कुणाकुणाचं टोचायचं राहिलंय ते बघू. डॉक्टर, अर्धे तुम्ही घ्या.”

त्यांच्यापुढे लगेच रांग लागली. माझ्यापुढे कोणी नाही. मी दोन टोकांची सुई हातात धरून उभा होतो, आणि सगळी पेठ माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती की याचे मासे याला बरे करता येत नाहीत, हा आपल्याला काय टोचणार. मागून कुणीतरी म्हणालं, “आधी बापाला टोच की रं. मग आमी हाय.”

अप्पा सुईला भितात हे मला माहीत होतं. पेठेला माहीत नव्हतं. ते क्षणभर थांबले, मग पुढे येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. दवाखाना उघडल्यापासून त्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसत होते. बाही वर केली, डोळे घट्ट मिटले. मी टोचलं. कापूससुद्धा ठेवून झाला.

“कधी सुरू करतोस?” डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

“झालं अप्पा.”

त्यांनी एक डोळा उघडला, दंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग गर्दीकडे वळून, आडतीवर माल दाखवताना लावायचे त्या आवाजात ते म्हणाले, “कळलं पण न्हाई. हात हलका हाय.”

आयुष्यभर मालाची खोटी स्तुती न केलेला माणूस, असं त्यांचं बाजारात नाव होतं. माझ्यापुढची रांग रस्त्यापर्यंत गेली. दुपारपर्यंत माझी मान दुखायला लागली आणि मला ते दुखणं फार आवडलं.

त्यानंतर माशांचे ठिपके विरत गेले. एक मासा गेला, चार वाचले. निळं पाणी हळूहळू बदललं आणि त्यातून काळेभोर, तुकतुकीत चौघं बाहेर आले. अज्जींच्या मते अम्मा आपल्या पायानं गेली. आईच्या मते मिठानं केलं. मी माझ्या निळ्या औषधाचे गोडवे गायचो. पुष्कळ वर्षांनी मासे पाळणाऱ्या एकाला मी ही गोष्ट रंगवून सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, बर्फ घालत होता? मग रोग तुम्हीच आणलात. या माशांना एकदम गारठा सोसत नाही, ऊब आणि मीठ मात्र मानवतं. म्हणजे बर्फवाला आत आला नाही, म्हणून माझे मासे वाचले. आणि तो आला नाही कारण अज्जींनी दाराला डहाळी बांधली होती. ज्या गोष्टींना मी मनातून हसत होतो त्या माझ्या उपयोगी पडत होत्या आणि ज्यांचा मला अभिमान होता त्या माशांना मारत होत्या. हे कळलं तेव्हा मी मनातल्या मनात कितीतरी जणांना नमस्कार केला. पहिला अज्जींना.

मृग लागायच्या आधी पेंडीची पहिली गाडी आली. मी एका पोराचा घसा बघत होतो. गाडी दारासमोर थांबली, बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, आणि माझा हात तसाच राहिला. बाकावर माणसं होती, पायरीवरही दोन-तीन. अप्पा गाडीवानाजवळ गेले, काहीतरी बोलले, हातानं पुढे दाखवलं. पलीकडच्या गल्लीत त्यांनी दुसरी खोली भाड्यानं घेतली होती. मला त्यांनी ते सांगितलं नव्हतं, नंतरही कधी सांगितलं नाही.

गाडी गेली. अप्पा आत आले, शिंकले आणि बाकाच्या टोकाला बसले. त्यांना रात्री खोकला येत होता, हे मला घरात ऐकू यायचं. पण विचारलं की ते “काही न्हाई” म्हणायचे. पोराला औषध देऊन मी त्यांना हाक मारली.

“अप्पा, या ना.”

ते हलले नाहीत. शेजारी बसलेल्या बाईकडे बोट दाखवून म्हणाले, “ह्या आधी आल्यात. मी नंतर.”

मी त्या बाईंना बोलावलं. त्यांचं दुखणं मन लावून ऐकायचा मी फार प्रयत्न केला.