जमिनीवरून उठताना

बार्शीटाकळीच्या पलीकडे रागिणीच्या सासरची भाजीची वाडी होती. मेथीच्या जुड्या बांधण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. पण थोरल्या शिवमला घेऊन अकोल्याला जायचा दिवस आला, की जुड्या सासूवर टाकून ती पहिली बस धरायची.

अकोल्याच्या त्या थेरपी केंद्रात कितीतरी मुलं यायची. कोणी उशिरा बोलायला लागलेलं, कोणी मान न धरणारं. बरीचशी हळूहळू सुधारायची. शिवमचं उलटं होतं. त्याचं दुखणं स्नायूंचं, जन्मासोबत आलेलं आणि वयाबरोबर वाढणारं. शाळेत पळता पळता पडणारा पोरगा आता भिंत धरून चालत होता. तिथल्या आरती मॅडम त्याच्या टाचा ताणून द्यायच्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "ताई, बरं होईल असं मी म्हणणार नाही. चालणं जेवढं टिकवता येईल तेवढं टिकवू."

धाकटा विपुल तीन वर्षांचा. आजोबा त्याच्या भरलेल्या, टणक पिंढऱ्या दाबून पाहत आणि म्हणत, "पैलवान होईन हा पोट्टा!" सगळे हसायचे. रागिणी विपुलला उचलून घ्यायची. शिवमच्या पिंढऱ्या अशाच होत्या.

थंडीत एका सकाळी विपुल ओसरीवरून उठला, तो गुडघ्यावर हात टेकून, शिवम उठायचा तसाच. रागिणीने पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्याच आठवड्यात तिने बाजारातून छोटी प्लास्टिकची खुर्ची आणली. विपुलचं खाणं, खेळणं, सगळं खुर्चीवर.

"खाली काहून बसू देत नाई त्याले?" आजोबांनी विचारलं.

"फरशी थंड आहे, मामाजी."

भर वैशाखातही फरशी थंडच राहिली.

त्या उन्हाळ्यात तिची आई वच्छला नांदगाव पेठहून राहायला आली. नातवाला तिने सहज खुर्चीवरून उचलून खाली ठेवलं. तो उठू लागला, तशी ती टक लावून पाहत राहिली.

"माय, त्याले असं काहून पाहून राहिली?"

वच्छलाने जेवायलाही न थांबता पिशवी भरली. स्टँडवर बस समोर उभी असताना एकदम म्हणाली, "श्याम असाच उठे."

श्याम म्हणजे रागिणीचा भाऊ. ती लहान असताना गेला. तापानं गेला, एवढंच तिला सांगितलेलं.

"मले कधी सांगतलं नाईस, माय!"

"तवा सांगतलं असतं तर तुयं लगन झालं असतं काय?" वच्छला बसमध्ये चढली. खिडकीतून वाकून म्हणाली, "तुया बहिणीचं, शालूचं जमून राहिलं अमरावतीले. तिच्यापाशी तोंड उघडजो नोको."

पुढच्या खेपेला रागिणीने विपुललाही केंद्रात नेलं. आरती मॅडमनी चटईवर चेंडू ठेवला. "सोडा त्याला खाली." रागिणीने त्याला कडेवर आणखी घट्ट धरलं. मॅडमनी घाई केली नाही. शेवटी तिने त्याला खाली बसवलं. चेंडू घरंगळला आणि विपुल उठला: आधी हात जमिनीवर, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, स्वतःच्याच अंगावर चढून जावं तसा.

विपुल चेंडूमागे हसत गेला.

रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. "हे आईकडून येतं, पण आईला सहसा काही होत नाही," मॅडम म्हणाल्या. "ह्याला लवकर आणलंत, औषध आणि व्यायाम वेळेत सुरू होईल. तुम्हाला बहीण आहे? तिच्याही रक्तात असू शकतं."

रागिणी त्याच आठवड्यात माहेरी नांदगाव पेठला गेली. शालू साड्या दाखवत होती. रागिणीने सगळं सांगितलं, श्यामचंही. "लग्न मोडू नोको. फक्त तपासून घे."

शालूने साडीची घडी घातली. "माय म्हणे तू येशीन," ती म्हणाली. "मायं चांगलं झालेलं तुले पाहवत नाई." चहाही न पिता रागिणी परतली. लग्नाची पत्रिका आली, पण बोलावणं नवऱ्यापुरतंच होतं.

शिवम आता चाकाच्या खुर्चीवर शाळेत जातो. विपुल चालतो, रोज टाचा ताणतो, कंटाळतो, रडतो. रागिणी त्याला जमिनीवरच बसवते आणि तो उठताना डोळे मिटत नाही.

परवा केंद्राच्या बाकावर बसली असताना फोन वाजला. इतक्या काळानंतर शालूचा आवाज आला.

"ताई, तुया मॅडमचा नंबर दे."

"पोटुशी आहेस?"

"हो," शालू म्हणाली. "मायले सांगजो नोको."